दर एप्रिलला परत येणारी घूं, आणि मी विनाकारण घेतलेले दोन फोनो प्रीअँप

रेकॉर्ड वाजवणाऱ्या टर्नटेबलचा बारीक सिग्नल अँप्लिफायरला पुरेल एवढा मोठा करणारा डबा म्हणजे फोनो प्रीअँप. तीन वर्षांत मी असे तीन घेतले. तिन्ही मे महिन्यात. प्रत्येक वेळी जूनअखेर मित्रांना घरी बोलावून ऐकवलं, "पाहा बे, किती शांत आहे," आणि प्रत्येक वेळी पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा घुमायला लागला. तिसऱ्या वर्षी बायकोने विचारलं, "हा प्रीअँप काय कैरीसारखा सीझनचा असतो का?" तिने चेष्टेत विचारलं होतं, पण दुखणं नेमकं तेच होतं. ते माझ्या डोक्यात शिरायला आणखी एक उन्हाळा जावा लागला.

टर्नटेबल लावलं की स्पीकरमधून घूं येते, आवाज बारीक येतो, नाहीतर "स" आणि "श" कानाला टोचतात, आणि म्हणून जे नवा प्रीअँप शोधत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. नवा डबा त्यातल्या काहींवरच चालतो.

माझा सेट साधा आहे. डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, त्याला ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेली, तिच्या हालचालीची वीज करणारी डबी), मग प्रीअँप, मग फोनो इनपुट नसलेला जुना इंटिग्रेटेड अँप्लिफायर, आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. घर बजाजनगरात, जुनं. वायरिंगही बरंचसं घराच्याच वयाचं. रेकॉर्डी बाबांच्या. नाट्यसंगीत, ख्याल, नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांड्यांच्या एलपींचा वेगळा कप्पा, आणि आईने घेतलेल्या भावगीतांच्या छोट्या तबकड्या.

आता ती घूं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे घूं एकतर ५० हर्ट्झची असते, नाहीतर तिच्या दुपटीची, १०० हर्ट्झची. १०० हर्ट्झ म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या किंचित वर. गवयाचा षड्ज काळी एकला असेल तर ही घूं जवळजवळ तीव्र मध्यमावर येऊन बसते. पहाटेचा भैरव लावलाय आणि मागे कोणीतरी तीव्र मध्यम धरून बसलंय! बाबांना पहिल्याच दिवशी ते खटकलं. "तानपुरा चुकीचा लावलाय का रे?" म्हणाले.

ही घूं फोनोवरच एवढी का येते

मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर छोटं चुंबक हलणाऱ्या, कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल ३ ते ६ मिलिव्होल्ट. माझ्या व्हीएम९५ईचा ४ मिलिव्होल्ट. सीडी प्लेयर २ व्होल्टपर्यंत देतो. हा फरक भरून काढायला प्रीअँप सिग्नल साधारण ४० डेसिबलने, म्हणजे १०० पटीने वाढवतो.

पण तेवढ्यावर भागत नाही. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो, कारण पूर्ण बास कापला तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला पुरेसं गाणं मावणार नाही. तिखट सूर उलट वाढवून कापतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की पृष्ठभागाची खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाते. १९५४ पासून यासाठी आरआयएए नावाचा एकच ठरलेला वक्र आहे, आणि प्रीअँप तो उलटा लावतो. त्या उलट्या वक्रात ५० हर्ट्झच्या आवाजाला १००० हर्ट्झच्या तुलनेत आणखी १७ डेसिबल मिळतात, म्हणजे वर आणखी सात पट. हिशेब करा. गाण्याला १०० पट, घूंला ७०० पट. १० मायक्रोव्होल्टचा उपद्रव आत शिरला तर बाहेर ७ मिलिव्होल्ट होऊन येतो.

म्हणजे चांगल्यात चांगला प्रीअँपही आत आलेली घूं इमानेइतबारे मोठी करणारच; ते त्याचं कामच आहे. म्हणून आधी पाहायचं, ती येते कुठून.

कुठून येते ते शोधायची माझी रीत

प्रत्येक पिन काढताना-घालताना व्हॉल्यूम शून्यावर आणा. एकदा विसरलो होतो. स्पीकरमधून जो धडाका निघाला त्याने शेजारचे काका गॅलरीत आले.

पहिल्यांदा अँप्लिफायर अशा इनपुटवर ठेवा ज्याला काहीच जोडलेलं नाही, आणि व्हॉल्यूम नेहमीच्या जागी आणून स्पीकरला कान लावा. तिथेही घूं असेल तर प्रीअँपला दोष देऊ नका. गडबड अँप्लिफायरची किंवा घराच्या विजेची आहे.

मग टर्नटेबलच्या दोन्ही पिना प्रीअँपमधून काढा आणि त्या जागी शॉर्टिंग प्लग लावा. हा प्लग विकतच घ्यायला हवा असं नाही. जुन्या केबलची आरसीए पिन कापायची, मधला दांडा आणि बाहेरची कडी एका तारेने जोडून डाग द्यायचा. अशा दोन. फक्त त्या प्रीअँपच्या इनपुटमध्येच घाला, आउटपुटमध्ये नाही. हा त्रास का घ्यायचा? कारण इनपुट नुसते उघडे सोडले तर ते अँटेनासारखे हवेतली घूं ओढतात आणि प्रीअँप उगाच बदनाम होतो. शॉर्ट करूनही घूं असेल तर ती प्रीअँप, त्याचा अडॅप्टर किंवा पुढच्या जोडणीत आहे. शॉर्ट केल्यावर शांत झालं तर टर्नटेबल, कार्ट्रिज किंवा मधल्या तारांकडे वळा.

तिसरी चाचणी सगळ्यात मजेशीर, आणि मला तिनेच शहाणं केलं. टर्नटेबल पुन्हा जोडा, पण प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारी थाळी, बंद ठेवा. सुईवर तिची टोपी घाला. व्हॉल्यूम नेहमीइतका करा आणि आर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारी दांडी, हाताने हळूहळू बाहेरून आत, लेबलकडे न्या. घूं जागच्या जागी राहिली तर तो अर्थिंगचा किंवा तारेचा प्रश्न. आर्मच्या जागेप्रमाणे घूं वाढली-कमी झाली, तर कार्ट्रिजच्या आतली वेटोळी जवळपासच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा मोटरचं चुंबकीय क्षेत्र पकडतायत. तो ट्रान्सफॉर्मर शोधा.

माझ्याकडे काय झालं सांगतो. मोकळ्या इनपुटवर कान लावला तर अगदी बारीक घूं. शॉर्टिंग प्लग लावले तर त्याहून जास्त. टर्नटेबल जोडलं तर चांगलीच, आणि आर्म लेबलकडे नेला तसतशी चढत गेलेली. म्हणजे रोग एक नव्हता, दोन होते. गेल्या तीन वर्षांत मी तिसऱ्याच अवयवाचं ऑपरेशन करत होतो.

कूलर

नागपूरच्या माणसाला उन्हाळा समजावून सांगायला नको. मार्च संपता संपता गच्चीवरून किंवा माळ्यावरून कूलर खाली येतो, वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, आणि हॉलच्या खिडकीत त्याची स्थापना होते. आमच्या हॉलमध्ये त्याच खिडकीखाली माझा रॅक असतो. कूलरला जागा द्यायची म्हणून रॅक कोपऱ्यात सरकतो. कोपरा अरुंद, म्हणून टर्नटेबल थेट अँप्लिफायरच्या डोक्यावर चढतं. पावसाळ्यात कूलर गेला की रॅक परत खिडकीखाली, आणि टर्नटेबल त्याच्या स्वतःच्या फळीवर.

अँप्लिफायरच्या पोटात वीतभर खाली त्याचा ट्रान्सफॉर्मर होता, उजवीकडे मागच्या बाजूला. आर्म लेबलकडे जाताना कार्ट्रिज बरोबर त्याच्या डोक्यावर यायची. अँप्लिफायर काढून जमिनीवर चार हात लांब ठेवला, तर आर्मबरोबर चढणारी घूं गेली. खर्च शून्य. एवढ्यासाठी मी तीन उन्हाळे घालवले.

काही कार्ट्रिजना याची बाधा जास्त होते. ग्राडोच्या कार्ट्रिजना चुंबकीय आवरण नसतं, आणि काही जुन्या टर्नटेबलांच्या मोटरजवळ त्या घुमतात, हे जगभरच्या शौकिनांना ठाऊक आहे. तुमच्याकडे तशी असेल तर मोटरच्या बाजूने आर्म जाताना काय होतं ते आधी ऐका.

उरला दुसरा रोग. कूलर बंद केला की उरलेली घूं निम्म्याहून कमी व्हायची. चालू केला की परत. प्रीअँपच्या लोखंडी डब्यावर उलटी बोटं फिरवली तर मुंग्या आल्यासारखं व्हायचं. हे जाणवलं त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला फोन केला, कारण मुंग्या येणं हा आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. कूलरचा शॉक लागून माणसं जातात, दर उन्हाळ्यात पेपरात येतं.

तो आला, मीटर काढला आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजला. कूलर बंद असताना ३ व्होल्ट. कूलर आणि पंप चालू केल्यावर १९.

"काका, अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?"

मागच्या अंगणात, जास्वंदीखाली. झाकण उचललं तर आत माती वाळून भेगाळलेली, बोट जाईल एवढ्या भेगा.

"पाणी कधी टाकलं होतं?"

"यात पाणी टाकायचं असतं?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "मंग! काळी माती आहे ही, काका. सुकली का आकसते, पाइपाला सोडून देते. अर्थिंग कागदावर राहते फक्त."

जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असतं, आणि ते काम करतं ओलाव्यावर. आमच्या पश्चिम नागपुरातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. मग कूलरच्या मोटरमधून आणि पंपातून झिरपणारा करंट जमिनीत जाऊ शकत नाही आणि दुसरी वाट शोधतो. माझ्या घरी ती वाट होती: अर्थची तार, अँप्लिफायरची बॉडी, तिथून टीव्हीचा आवाज स्पीकरवर यावा म्हणून मीच जोडलेली केबल, सेटटॉप बॉक्स, आणि त्यामागची केबलवाल्याची वायर, जी रस्त्यावर कुठेतरी स्वतंत्र अर्थ झालेली. हे मी तर्काने नाही, हाताने तपासलं: सेटटॉप बॉक्सची मागची वायर काढली आणि घूं जवळजवळ संपली. लावली, आली. काढली, गेली. दहा वेळा केलं असेल, पोरासारखं.

आता कॅलेंडर पाहा. एप्रिलमध्ये खड्डा सुकतो, कूलर लागतो, टर्नटेबल अँप्लिफायरवर चढतं. घूं. मी वैतागून मे महिन्यात प्रीअँप मागवतो. तो येऊन नीट लागेपर्यंत जून उजाडतो. पाऊस पडतो, खड्डा भिजतो, कूलर माळ्यावर जातो, रॅक खिडकीखाली येतो. शांतता. आणि श्रेय कोणाला? नव्या डब्याला!

खड्डा नव्याने भरून घेतला, कूलरच्या पंपाची कुजलेली वायर बदलली, मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट झिरपला की वीज तोडणारा स्विच, बसवला. टीव्हीचा आवाज आता ऑप्टिकल केबलने एका छोट्या कन्व्हर्टरमधून अँप्लिफायरवर येतो. त्या केबलमधून प्रकाश जातो, करंट नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. अर्थची पिन कापली किंवा थ्री-पिनला टू-पिनचं कनेक्टर लावलं की घूं जाते, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. घूं जाते, खरं आहे. कूलरचा करंट मात्र तुमच्या अँप्लिफायरच्या बॉडीवर तुमचीच वाट पाहत बसतो. नका करू.

बाकीच्या छोट्या शंका, भराभर

टर्नटेबलमधून निघणारी, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट हवी. रेगासारख्या काही टर्नटेबलांना ती वेगळी नसते, तेव्हा ती शोधत बसू नका. एकाच बाजूच्या स्पीकरमधून घूं येत असेल तर हेडशेलमधल्या, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते तिथल्या, चार तारा पाहा: पांढरी आणि निळी डावीकडच्या, लाल आणि हिरवी उजवीकडच्या. निळी किंवा हिरवी सैल झाली की ती बाजू बोंबलते. टोकदार चिमट्याने टोपणं हळूच काढून घाला, ओढाताण नको, तार तुटते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त इन्व्हर्टर यांची घूं वेगळी ओळखू येते. ती गोल नसते, मधमाशीसारखी चिरकी असते. लाइट गेल्यावरच तक्रार सुरू होत असेल तर इन्व्हर्टरच.

प्रीअँपच्या अडॅप्टरवर संशय असेल आणि प्रीअँप १२ व्होल्ट डीसीवर चालणारा असेल, तर यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दहा मिनिटं लावून पाहा. घूं गेली तर अडॅप्टर बदला, प्रीअँप नाही. पण आधी अडॅप्टरवर एसी छापलंय की डीसी ते वाचा, काही प्रीअँप एसीवर चालतात. आणि पिनच्या मधल्या दांड्याचं चिन्ह अधिक आहे की उणे तेही. इथे घाई केली तर नवा प्रीअँप खरोखरच घ्यावा लागतो.

आता खरोखर प्रीअँप बदलायचा असेल तर

घर शांत झाल्यावर तिन्ही प्रीअँप एका रविवारी आळीपाळीने लावून ऐकले. तिन्ही शांत. जो पहिला स्वस्त डबा मी "घुमतो" म्हणून कपाटात टाकला होता, तोही. पण एक फरक होता, आणि तो माझ्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर होता. पहिल्या डब्यावर गायिकांचा "स" टोचायचा, झांज काचेसारखी वाजायची. दुसऱ्यावर नाही.

इथे किंमत नाही, कपॅसिटन्स, म्हणजे तारांची आणि इनपुटची विजेचा भार साठवायची क्षमता, पाहायची. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला समोर ४७ किलोओमचा भार लागतो, तो बहुतेक सगळे प्रीअँप देतात. पण आर्मच्या आतली तार, केबल आणि प्रीअँपचा इनपुट मिळून जी कपॅसिटन्स होते ती कार्ट्रिजच्या वेटोळ्याशी मिळून वरच्या सुरांत एक उंचवटा तयार करते. कपॅसिटन्स वाढली की तो उंचवटा खाली, ऐकू येणाऱ्या भागात सरकतो. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईसाठी एकूण १०० ते २०० पिकोफॅरड सांगते. माझी आर्म आणि लांबलचक केबल मिळून १५०च्या आसपास, आणि पहिल्या डब्याच्या पोटात २२०. झाले ३७०. व्हीएम९५ईच्या ५५० मिलिहेन्रीच्या वेटोळ्याबरोबर हा उंचवटा ११,००० हर्ट्झच्या जवळ येतो, बरोबर "स" आणि झांजेच्या चमकीवर. दुसऱ्या प्रीअँपवर १०० आणि २००चं बटण होतं. १००वर टाकलं, केबल अर्ध्याने आखूड केली, आणि टोचणी गेली.

तो पहिला डबा आखूड केबलवर ऑर्टोफॉनच्या टू-एम रेड कार्ट्रिजला चालला असता. ती १५० ते ३०० पिकोफॅरड मागते. त्यामुळे "कोणता प्रीअँप चांगला?" असं कोणी विचारलं की मी आधी "कार्ट्रिज कोणती?" असं विचारतो. कार्ट्रिजच्या कागदावर चार आकडे असतात: आउटपुट, भार, कपॅसिटन्स, रेकॉर्डवर पडणारं सुईचं वजन. पहिल्या तिन्हींवरून प्रीअँप ठरतो. चौथा प्रीअँपचा नाही, पण तो चुकला तर कुठलाही प्रीअँप बेसूर वाटतो. व्हीएम९५ईला २ ग्रॅम लागतात. बाजारात अंदाजाने लावून देतात. ते मोजायचा छोटा काटा घ्या.

गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचा, हिशेब सोपा. ४ ते ५ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला ४० डेसिबल भरपूर. बाहेर अर्धा व्होल्टच्या आसपास मिळतो. आवाज सीडीपेक्षा थोडा कमी येणारच. व्हॉल्यूम दोन खुणा वर न्यायचा, डबा बदलायचा नाही. डेनॉनच्या डीएल-१०३सारखी मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (हिच्यात चुंबक नाही, वेटोळं हलतं) लावली की चित्र बदलतं. तिचा आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. ४० डेसिबलच्या प्रीअँपमधून ३० मिलिव्होल्टच बाहेर येतील. व्हॉल्यूम चढवाल तर गाण्याआधी फुसफुस येईल. तिला ६० डेसिबलचा प्रीअँप हवा, नाहीतर मधे १:१०चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. तो सिग्नल दहापट करतो, पण प्रीअँपचे ४७ किलोओम कार्ट्रिजला ४७० ओम दिसतात, हे ध्यानात ठेवा. आणि ट्रान्सफॉर्मर म्हटलं की पुन्हा घूं पकडणारं वेटोळं आलं. अँप्लिफायरपासून लांब.

बटणांवर गेन बदलणारे प्रीअँप आता बरेच मिळतात. आयफायच्या झेन फोनोवर ३६, ४८, ६० आणि ७२ डेसिबल अशा पायऱ्या आहेत. आर्टच्या डीजे प्री टूवर गेनची चकती, १००-२०० पिकोफॅरडचं बटण आणि खालचे सूर कापणारं बटण आहे. दुसरा स्वस्त आहे, दिसायला अगदी कारखान्यातला, आणि माझ्यासारख्या मूव्हिंग मॅग्नेटवाल्याला त्याहून जास्त काही लागत नाही असं माझं मत झालंय. काही मित्रांना ते पटत नाही. त्यांचे प्रीअँप माझ्या अँप्लिफायरपेक्षा महाग आहेत, त्यामुळे न पटणं मी समजू शकतो.

ते खालचे सूर कापणारं बटण मात्र नागपूरकरांनी बघूनच घ्यावं. आमच्याकडे ४५ अंशांत पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या रेकॉर्डी वाकतात. दिवाणखान्यातल्या उन्हात, गाडीच्या सीटवर तर विचारूच नका. वाकलेली रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरताना सुईला दर फेरीला वर-खाली ढकलते. ते कानाला ऐकू येत नाही. पण वूफरची जाळी काढून पाहा, पडदा आत-बाहेर धापा टाकत असतो. अँप्लिफायरची ताकद त्या न ऐकू येणाऱ्या हालचालीत जाते आणि तबल्याचा बायाँ फाटका लागतो. १८-२० हर्ट्झच्या खालचं कापलं की पडदा स्थिर होतो. बाबांच्या निम्म्या एलपी माझ्याकडे तशाच वाजतात.

आवाज फुगलेला, बास घुसमटलेला, वरचे सूर ब्लँकेटखाली, असं असेल तर एक अगदी येडा प्रश्न विचारा: प्रीअँप दोन तर नाहीत? हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलांच्या आत तो असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्सच्या मागे फोनो-लाइन असं बटण आहे. बाहेरचा प्रीअँप लावला तर ते फोनोवर, नाही लावला तर लाइनवर. दोन्ही चालू राहिले तर आरआयएए वक्र दोनदा उलटा लागतो.

महालातल्या मावसभावाचं दुखणं याच जातीचं, पण जुनं. त्याने आजोबांचा एचएमव्हीचा प्लेयर दुरुस्त केला आणि हौसेने प्रीअँप घेतला. "दादा, नुसतं ढुम ढुम वाजतंय!" ते वाजणारच. त्या प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज आहे. तिचा आउटपुट मिलिव्होल्टात नाही, शेकडो मिलिव्होल्टात असतो, आणि आरआयएएचा बराचसा हिशेब ती स्वतःच्या स्वभावानेच जमवते. तिला फोनो प्रीअँप लागत नाही. लागतो तो १ मेगओमच्या आसपासचा मोठा इनपुट भार, नाहीतर बास पातळ येतो. त्याच्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं आणखी वेगळं: त्यांच्या खाचा रुंद, त्यांना जाड सुई हवी, आणि जुन्यांचा वक्र आरआयएएच्या आधीचा. एलपीची सुई त्यात घालू नका. दोघांचंही वाटोळं होतं.

सध्या माझ्याकडे दुसरा प्रीअँप लागलाय, बटण १००वर, खालचं कापणं चालू. पहिला मावसभाचीने नेला. तिची कार्ट्रिज टू-एम रेड आहे, तिला तो छान जुळला. तिसरा, सगळ्यात महागडा, खोक्यातच आहे, डीएल-१०३ घ्यायची हिंमत होईपर्यंत. टर्नटेबल आता भिंतीतल्या वेगळ्या फळीवर आहे, उन्हाळा असो की पावसाळा, तिथून हलत नाही. आणि जास्वंदीखालच्या खड्ड्यात मार्चपासून दर रविवारी बादलीभर पाणी जातं. ते काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. पाणी ओतून आत येतात, रेकॉर्ड लावायच्या आधी प्लॅटर बंद ठेवून व्हॉल्यूम चढवतात, मान तिरकी करून ऐकतात आणि मग म्हणतात, "लाव."